केंब्रिज ते हायडेलबर्ग : आतिया फैझी यांच्या विद्यार्थिदशेतील सहली (सन १९०७)

शैक्षणिक सहल हा शाळेच्या वार्षिक कार्यक्रमाचा एक भाग समजला जातो. दिवाळीची सुट्टी संपली की वर्गावर्गातून पत्रके वाटली जातात, पालकांच्या सह्या मागितल्या जातात आणि मग सह्या न आलेल्या पत्रकांचा गठ्ठा वर्गशिक्षकाच्या टेबलावर साचतो. त्या गठ्ठ्यात मुलींची पत्रके अधिक असतात, हे कोणत्याही शिक्षकाला सांगण्याची आवश्यकता नाही. पालकांची कारणे ठरलेली असतात : सहलीत शिकायचे काय, बरोबर कोण आहे, आणि परीक्षा जवळ आली आहे. यातील पहिली दोन कारणे विचार करण्यासारखी आहेत. तिसरे कारण प्रत्येक महिन्यात लागू पडते, म्हणून ते सोडून देऊ.

या दोन प्रश्नांचा विचार मला येथे इतिहासाच्या अंगाने करावयाचा आहे. त्यासाठी एका विद्यार्थिनीचे उदाहरण घेतो. तिचे कुटुंब मुंबईचे, तिची थोरली बहीण कोकणातील जंजिरा संस्थानची बेगम, आणि ती स्वतः सन १९०६-०७ मध्ये लंडनला अध्यापनाचे शिक्षण घेत होती. तिचे नाव आतिया फैझी. त्या वर्षात तिने आपल्या सोबत्यांसह केंब्रिज व हायडेलबर्ग या दोन जुन्या विद्यापीठनगरींच्या सहली केल्या. या सहलींची माहिती उर्दू वाचकांना थोडीफार असते, पण ती एका वेगळ्याच कारणाने. सहलीच्या मंडळींत डॉ. मुहम्मद इक्बाल होते. त्यामुळे कवीच्या चरित्रातील एक प्रकरण एवढीच या सहलींची ओळख राहिली. वास्तविक त्या एका विद्यार्थिनीच्या, आणि विशेष म्हणजे शिक्षिका होऊ पाहणाऱ्या विद्यार्थिनीच्या सहली होत्या. त्या दृष्टीने त्यांच्याकडे पाहिले तर आपल्याला अधिक काही हाती लागते, असे मला वाटते.

प्रथम घराण्याविषयी थोडे. आतियाबेगम यांचा जन्म सन १८७७ मध्ये इस्तंबूल येथे झाला. वडील हसनअली हे व्यापारी असून त्यांचा व्यापार तुर्कस्तानात होता. घराणे सुलेमानी बोहरा, आणि मुंबईच्या प्रसिद्ध तय्यबजी परिवारापैकी. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी हे या परिवारातील वडीलधारे. सन १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना करणाऱ्यांत ते होते आणि सन १८८७ च्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. मुलींच्या शिक्षणाच्या बाबतीत या कुटुंबाने बोलणे व करणे यांत फारसे अंतर ठेवले नाही. तय्यबजी घराण्यातील स्त्रिया मुंबईच्या मुस्लिम समाजात पडदा सोडणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत मोडतात. आतियाबेगमच्या दोन बहिणी झेहरा व नाझली. नाझलीबेगम यांचा विवाह जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमदखान यांच्याशी झाला होता. मुरूडची सहल केलेल्या आपल्या विद्यार्थ्यांनी गावाबाहेरच्या टेकडीवरील नवाबांचा वाडा पाहिलाच असेल. ते हेच घराणे.

सन १९०६ च्या सप्टेंबरात आतियाबेगम सरकारी शिष्यवृत्ती घेऊन विलायतेस निघाल्या. नेमके त्याच्या आधीच्याच महिन्यात, म्हणजे ऑगस्टमध्ये, बद्रुद्दीन तय्यबजी लंडन येथे मृत्यू पावले होते. घरात असे दुःख असताना मुलीचे जाणे रद्द झाले नाही, ही गोष्ट मला लहान वाटत नाही. लंडनला त्यांनी मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात प्रवेश घेतला. माध्यमिक शाळांतील अध्यापिका तयार करण्यासाठी सन १८७८ मध्ये सुरू झालेली ही संस्था त्या प्रकारातील इंग्लंडमधील पहिली समजली जाते. आम्ही बी. एड्. करताना पाठटाचणांच्या वह्या भरभरून हात दुखवून घेतले, त्या शिक्षणपद्धतीचे मूळ घर अशाच संस्थांत आहे. वयाने आतियाबेगम या वेळी एकोणतीस वर्षांच्या होत्या. विद्यार्थी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शाळकरी पोर उभे राहते. परंतु तिशीत पुन्हा बाकावर बसणाऱ्या स्त्रीला विद्यार्थिनी म्हणण्यास काहीच हरकत नसावी.

आता ‘बरोबर कोण आहे’ हा प्रश्न. लंडनमध्ये हिंदी विद्यार्थ्यांची विचारपूस करणाऱ्या एक मिस बेक म्हणून बाई होत्या. अलीगढच्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजचे प्राचार्य थिओडोर बेक यांच्या त्या भगिनी. भाऊ सन १८९९ मध्ये वारला, पण बहिणीने हिंदी विद्यार्थ्यांशी असलेले नाते पुढे चालविले. त्यांच्या घरी चहा व भोजनाच्या निमित्ताने विद्यार्थी जमत. दुसरे नाव प्रा. टी. डब्ल्यू. आर्नोल्ड यांचे. अलीगढला दहा वर्षे व नंतर लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात शिकवून ते सन १९०४ मध्ये लंडनला परतले होते. ‘द प्रीचिंग ऑफ इस्लाम’ या सन १८९६ मधील ग्रंथामुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी होते, आणि लाहोरला इक्बाल त्यांचे विद्यार्थी होते. अशा वडीलधाऱ्या मंडळींची साखळी या तरुणांच्या भोवती होती. सन १९०७ च्या एप्रिलच्या आरंभी मिस बेक यांच्याच घरी आतियाबेगम व इक्बाल यांची पहिली भेट झाली. इक्बाल त्या वेळी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात तत्त्वज्ञानाचा अभ्यास करीत होते. ‘सारे जहाँ से अच्छा’ लिहून त्यांना तीन वर्षे झाली होती.

पहिली सहल त्याच महिन्याच्या बावीस तारखेची. लंडनहून केंब्रिजला आगगाडीने जाणे हा फार तर दोन तासांचा प्रवास. बरोबर इक्बाल व शेख अब्दुल कादिर होते. अब्दुल कादिर म्हणजे लाहोरच्या ‘मख्जन’ या उर्दू मासिकाचे संपादक. ही मंडळी ज्यांच्या घरी उतरली ते यजमान आपल्या दृष्टीने अतिशय महत्त्वाचे आहेत. शम्स-उल-उलमा सय्यद अली बिलग्रामी हे त्यांचे नाव. हैदराबाद संस्थानात मोठ्या हुद्द्यावर काम केलेले हे विद्वान संस्कृतासह अनेक भाषांचे जाणकार होते. अरबांच्या संस्कृतीवरील ल बाँ या फ्रेंच लेखकाचा ग्रंथ त्यांनी ‘तमद्दुन-ए-अरब’ या नावाने उर्दूत आणला. हे बिलग्रामी साहेब केंब्रिज विद्यापीठात कोणता विषय शिकवीत होते? मराठी!

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. मराठी ही अमुक एका समाजाची भाषा आणि उर्दू ही तमुक समाजाची, असा हिशेब आपल्याकडे सहजपणे मांडला जातो. आमच्या वर्गात एखाद्या मुलाला मराठीत पहिला क्रमांक मिळाला की त्याच्याच घरची माणसे आश्चर्य करतात. विसाव्या शतकाच्या आरंभी केंब्रिजमध्ये हिंदुस्थानात नोकरीवर येऊ घातलेल्या इंग्रज तरुणांना मराठी शिकविणारा अध्यापक हैदराबादचा सय्यद होता, आणि त्याच्या दिवाणखान्यात मुंबईची एक मुस्लिम विद्यार्थिनी व पंजाबचे दोघे साहित्यिक गप्पा मारीत बसले होते. यावर अधिक भाष्य मी करीत नाही.

केंब्रिजशी आपल्या भागाचे आणखीही नाते आहे. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे व पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे विद्यार्थी रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे सन १८९९ मध्ये तेथील गणिताच्या परीक्षेत सर्वप्रथम आले, म्हणजे ‘सीनियर रँग्लर’ झाले. त्यामुळे पुण्यातील शिकलेल्या घरांत केंब्रिज हे नाव त्या वेळी परके राहिले नव्हते.

दुसरी सहल १ जून १९०७ रोजी झाली. पंचांग काढून पाहिले तर तो शनिवार होता. आठवड्याचे काम संपवून मित्रमंडळींनी बाहेर पडण्याचा हा जगभरचा ठरलेला दिवस. निमंत्रण प्रा. आर्नोल्ड यांचे होते आणि कार्यक्रम नदीकाठच्या वनभोजनाचा होता. कॅम ही नदी आपल्या मुठेपेक्षा मोठी नाही. मात्र तिच्या काठी विद्यापीठाची महाविद्यालये पाठीला पाठ लावून उभी आहेत. या विद्यापीठाचा आरंभ सन १२०९ चा. आपल्याकडे देवगिरीचे यादव राज्य करीत होते, त्या काळापासून तेथे अध्ययन चालू आहे. किंग्ज कॉलेजचे प्रार्थनामंदिर बांधायला सन १४४६ मध्ये सुरुवात झाली व त्याचे बांधकाम पुरे व्हायला सुमारे सत्तर वर्षे लागली. तेवढ्या अवधीत इकडे बहामनी राज्य मोडून त्याच्या शाह्या झाल्या. इतिहासाच्या तासाला सनावळी पाठ करण्यापेक्षा अशी दोन ठिकाणे शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर सने आपोआप लक्षात राहतात, असा माझा अनुभव आहे.

झाडाखाली बसलेल्या त्या मंडळींत जीवन व मृत्यू या विषयावर वाद रंगला, असे आतियाबेगमनी लिहून ठेवले आहे. प्राध्यापक, विद्यार्थी आणि एक विद्यार्थिनी बरोबरीने बोलत आहेत, हे चित्र आज नवलाचे वाटणार नाही. परंतु ज्या गावात हे चालले होते त्या गावचा नियम काय होता, तेही पाहिले पाहिजे. केंब्रिजला स्त्रियांसाठी गर्टन (१८६९) व न्यूनम (१८७१) ही दोन महाविद्यालये होती. मुली व्याख्याने ऐकत, परीक्षेस बसत, पास होत. पदवी मात्र त्यांना मिळत नसे. सन १८९७ मध्ये हा प्रश्न मतास टाकण्यात आला तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी भर बाजारात सायकलवर बसलेल्या स्त्रीचा पुतळा टांगून निषेध केला आणि प्रस्ताव प्रचंड बहुमताने फेटाळला गेला. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती सन १९४८ मध्ये! आपण स्वतंत्र झाल्यानंतर. ऑक्सफर्डची कथा याहून फार निराळी नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी सन १८९२ मध्ये तेथे कायद्याची परीक्षा दिली. पदवी हातात पडायला तीस वर्षे जावी लागली. मुलींच्या शिक्षणात मागासलेपणा हा आपल्याच समाजाचा मक्ता आहे असे समजून खाली मान घालणाऱ्यांनी, आणि तसे समजून आपल्याला हिणवणाऱ्यांनीही, ही सने ध्यानात ठेवावीत.

ऑगस्टमध्ये महाविद्यालयांना सुट्टी असते. इक्बाल जुलैतच जर्मनीस गेले होते. त्यांना म्यूनिक विद्यापीठाची डॉक्टरेट घ्यायची होती आणि त्यासाठी जर्मन भाषा शिकणे जरूर होते. त्याकरिता त्यांनी हायडेलबर्ग येथे मुक्काम केला. आतियाबेगम आपले बंधू व इतर मंडळींसह २० ऑगस्ट १९०७ रोजी तेथे जाऊन पोहोचल्या. ही सहल शनिवार-रविवारची नव्हती, चांगली काही दिवस चालली.

हायडेलबर्ग हे गाव नेकर नदीच्या दोन्ही तीरांवर, वनराईने भरलेल्या टेकड्यांच्या कुशीत वसले आहे. थोडे पुढे गेल्यावर नेकर ऱ्हाईन नदीस मिळते. नदीवर तांबड्या दगडाचा जुना पूल आहे, तो सन १७८८ मध्ये पुरा झाला. म्हणजे सवाई माधवरावांच्या कारकिर्दीतला. गावाच्या डोक्यावर त्याच तांबड्या दगडाचा भग्न किल्ला दिसतो. किल्ल्यासमोरच्या तीरावर टेकडीच्या अंगाने जाणारी एक वाट आहे, तिला ‘तत्त्वज्ञांची वाट’ असेच नाव आहे. गावाच्या पाठीशी क्योनिगश्टूल हा ५६८ मीटर उंचीचा डोंगर. त्याच्या माथ्यापर्यंत दोरखंडाने ओढली जाणारी छोटी आगगाडी नेमकी त्याच वर्षी, सन १९०७ मध्ये, सुरू झाली होती.

किल्ल्याची हकीकत आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या सैन्याने सन १६८९ मध्ये व पुन्हा १६९३ मध्ये तो उद्ध्वस्त केला. तेव्हा इकडे दख्खनमध्ये औरंगजेबाच्या मोहिमा चालू होत्या. पुढे डागडुजी होत असता सन १७६४ मध्ये वीज पडून तो जळाला, आणि मग गावकऱ्यांनी त्याचे दगड आपल्या घरांसाठी न्यायला सुरुवात केली. आपल्याकडे कोणत्याही पडक्या गढीचे जे होते तेच तेथे झाले. हे दगड नेणे थांबविले कोणी? शार्ल द ग्रँबेर्ग नावाच्या एका फ्रेंच सरदाराने. राज्यक्रांतीनंतर देश सोडून आलेला हा गृहस्थ सन १८१० मध्ये हायडेलबर्गला आला आणि त्याने त्या भग्नावशेषाच्या रक्षणासाठी आपले उरलेले आयुष्य घालविले. फ्रेंचांनी पाडलेला किल्ला एका फ्रेंचाने राखला. आमच्या सहलीत शनिवारवाड्याच्या किंवा एखाद्या दर्ग्याच्या भिंतीवर कोळशाने नाव लिहिणारा मुलगा सापडला की मी त्याला शिक्षा करण्याऐवजी ही हकीकत सांगतो. उपयोग होतो की नाही ते अल्लाला ठाऊक.

या शहराची दुसरी हकीकत पुस्तकांची आहे, आणि ती आपल्याला अधिक जवळची आहे. हायडेलबर्गचे विद्यापीठ सन १३८६ मधले, आजच्या जर्मनीतील सर्वांत जुने. त्याच्या जोडीला येथील राजांनी जमविलेला हस्तलिखितांचा संग्रह युरोपभर प्रसिद्ध होता. तीस वर्षांच्या धर्मयुद्धात सन १६२२ मध्ये शहर पडले. दुसऱ्या वर्षी तो सर्व संग्रह खेचरांवर लादून आल्प्स पर्वतापलीकडे रोमला नेण्यात आला. सन १८१६ मध्ये त्यातील जर्मन भाषेतील सुमारे साडेआठशे हस्तलिखिते परत मिळाली. लॅटिन व ग्रीक भाषेतील बहुतेक आजतागायत व्हॅटिकनमध्येच आहेत. आता आपल्या शेजारच्या विजापूरकडे पाहा. आदिलशाही ग्रंथालयातील जी अरबी-फारसी हस्तलिखिते असर महालात उरली होती, ती एकोणिसाव्या शतकात लंडनच्या इंडिया ऑफिस ग्रंथालयात गेली. आतियाबेगम व इक्बाल यांना वनभोजनाला बोलावणारे प्रा. आर्नोल्ड त्या वेळी याच ग्रंथालयात साहाय्यक ग्रंथपाल होते! दख्खनच्या सुलतानांची पुस्तके पाहण्यासाठी दख्खनच्या विद्यार्थ्याला समुद्र ओलांडावा लागतो, हे दुःख हायडेलबर्गच्या विद्यार्थ्याला समजेल. त्याला निदान काही भाग परत तरी मिळाला.

परंतु आतियाबेगमसारख्या विद्यार्थिनीच्या दृष्टीने या शहराचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य किल्ल्यात किंवा पुलात नव्हते. हायडेलबर्ग हे बाडेन संस्थानात मोडत असे. बाडेनच्या राजधानीत, कार्ल्सरूह येथे, सन १८९३ मध्ये मुलींसाठी विद्यापीठप्रवेशाची तयारी करून घेणारी जर्मनीतील पहिली प्रशाला निघाली. तेथील मुली शिकून तयार झाल्या आणि मग त्यांनी जायचे कोठे, हा प्रश्न उभा राहिला. सन १९०० मध्ये बाडेनने आपल्या विद्यापीठांची दारे स्त्रियांना पूर्णपणे उघडी केली. संपूर्ण जर्मनीत असे करणारे ते पहिले राज्य. बर्लिनला हे व्हायला सन १९०८ उजाडले. (आपल्या पुण्याच्या इरावतीबाई कर्वे यांनी बर्लिनहून सन १९३० मध्ये डॉक्टरेट मिळविली ती या बदलाच्या पुढच्या काळात.) आधी चांगली शाळा निघाली, मग विद्यापीठाला दार उघडावे लागले, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. जून महिन्यात आतियाबेगमनी पाहिलेल्या केंब्रिजमध्ये स्त्रीला पदवी नव्हती. ऑगस्टमध्ये पाहिलेल्या हायडेलबर्गमध्ये ती मिळत होती. तीन महिन्यांत दोन सहली, आणि दोन विद्यापीठांतील हा फरक.

तेथे इक्बाल यांना जर्मन शिकविणाऱ्या अध्यापिकाही तरुण स्त्रियाच होत्या. एमा वेगेनास्ट व सेनेशाल ही त्यांची नावे. लंडनमध्ये चुरचुरीत बोलणारे, कोणालाही सहजी न ऐकणारे इक्बाल येथे या अध्यापिकांपुढे अगदी नम्र विद्यार्थी होऊन बसत, चुका सुधारून घेत, हे पाहून आतियाबेगमना मोठे नवल वाटले. शिक्षक होऊ पाहणाऱ्या व्यक्तीचे लक्ष बरोबर तेथेच जायचे. शिकवणे वर्गाच्या चार भिंतींतच चालत नव्हते. नेकर नदीत होड्या वल्हवणे, टेकड्या चढणे, आसपासची गावे पाहणे, वाटेत कॉफी घेणे आणि या सर्व वेळी जर्मन बोलत राहणे, हाच अभ्यासक्रम होता. आपल्याकडे सहल म्हणजे अभ्यासाची सुट्टी. तेथे सहल हाच तास होता. आम्हा शिक्षकांनाही यातून शिकण्यासारखे आहे, कारण आमच्या सहलींत मुले बसमध्ये अंताक्षरी खेळतात आणि स्थळ पाहताना आम्ही घड्याळाकडे पाहत असतो.

एके सकाळी सर्व मंडळी बाहेर पडायला तयार झाली, पण इक्बाल आले नाहीत. त्यांच्या खोलीत जाऊन पाहतात तो ते पुस्तके उघडी टाकून भान हरपल्यासारखे निश्चल बसलेले. जर्मन मंडळी घाबरली. शेवटी आतियाबेगमनी त्यांना हलवून उर्दूत हाका मारल्या तेव्हा ते भानावर आले, असे त्यांनी नमूद केले आहे. नेकरकाठची संध्याकाळ इक्बालांच्या एका छोट्या कवितेत आली आहे, ती ‘बांग-ए-दरा’ या सन १९२४ च्या संग्रहात सापडेल. त्याच सन १९०७ च्या नोव्हेंबरात म्यूनिक विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. हायडेलबर्गमध्ये ते जेथे राहत त्या घरावर आज स्मरणशिला आहे आणि नदीकाठच्या एका रस्त्याला त्यांचे नाव आहे.

इक्बाल व आतियाबेगम यांच्या परस्परसंबंधांवर लोकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. त्या चर्चेत मला रस नाही आणि ती या स्मरणिकेची जागाही नव्हे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी त्यापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट आहे. ही सगळी माहिती आपल्याला कळते कोठून? आतियाबेगमच्या दोन पुस्तकांतून. पहिले ‘जमाना-ए-तहसील’, म्हणजे विद्यार्जनाचा काळ. लंडनहून त्या आपल्या दैनंदिनीची पत्रे बहीण झेहराबेगम यांस पाठवीत. ही पत्रे लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या स्त्रियांच्या उर्दू साप्ताहिकात सन १९०७ मध्येच क्रमशः छापली गेली आणि पुढे सन १९२१ मध्ये त्यांचे पुस्तक झाले. इंग्रजी भाषांतर सन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आहे. दुसरे पुस्तक ‘इक्बाल’. ते इंग्रजीत असून सन १९४७ मध्ये मुंबईस छापले गेले. पहिल्या पुस्तकात इक्बाल यांचा उल्लेख तुरळक व त्रोटक आहे. दुसरे पुस्तक सर्वस्वी त्यांच्यावरच आहे. मधल्या चाळीस वर्षांत इक्बाल हे सर्व जगाला माहीत झालेले महाकवी झाले होते, आणि सन १९३८ मध्ये त्यांचे निधनही झाले होते. भानावर आणण्याची हकीकत या दुसऱ्या पुस्तकातली आहे.

म्हणून दुसरे पुस्तक खोटे ठरत नाही. त्या त्या दिवशी लिहिलेला मजकूर आणि चाळीस वर्षांनी आठवून लिहिलेला मजकूर यांचे वजन निराळे असते, इतकेच. ताजा मजकूरही कोणासाठी लिहिला हे पाहावे लागते. ‘तहजीब-ए-निस्वाँ’ वाचणाऱ्या स्त्रिया बहुतांशी पडद्यात राहणाऱ्या होत्या. त्यांच्यासाठी छापायच्या पत्रांत परक्या तरुणाविषयी किती लिहावे याचा विचार दोघी बहिणींनी केला असणारच. शाळेच्या पुस्तकात ‘इतिहासाची साधने’ असा जो रुक्ष धडा असतो, तो या दोन पुस्तकांच्या आधारे शिकविला तर मुलांना चटकन समजेल.

आणि त्या पडद्यातील वाचकांमुळेच मला या पत्रांचे मोल अधिक वाटते. लाहोर, लखनौ, भोपाळ येथील घरांत बसून एखादी स्त्री वाचत होती की लंडनच्या कॉलेजात तास कसे होतात, तेथील संग्रहालयांत काय आहे, मुली एकट्या रस्त्याने कशा जातात. जी जाऊ शकत होती तिने न जाऊ शकणाऱ्यांसाठी लिहून ठेवले. आपल्या शाळांतून सहलीनंतर मुलांकडून जो ‘आम्ही पाहिलेले स्थळ’ हा निबंध लिहून घेतात, त्यात पहिल्या ओळीत बस किती वाजता निघाली ते असते आणि शेवटच्या ओळीत ती किती वाजता परत आली ते असते. मधल्या जागेत काय लिहायचे याचा नमुना पाहिजे असल्यास तो शंभरावर वर्षांपूर्वीचा तयार आहे, आणि तो आपल्याच भागातल्या घरच्या मुलीचा आहे.

पालकांच्या प्रश्नांकडे पुन्हा वळायचे तर, बरोबर कोण आहे हे विचारण्यात पालकांचे काहीच चुकत नाही. तय्यबजी-फैझी मंडळींनीही ते पाहिले होते. मिस बेक, आर्नोल्ड, बिलग्रामी, स्वतःचा भाऊ अशी विश्वासाची माणसे प्रत्येक ठिकाणी होती. परंतु त्यांनी तो प्रश्न विचारला तो मुलीला पाठविण्यासाठी. आपल्याकडे पुष्कळदा तोच प्रश्न न पाठविण्यासाठी विचारला जातो. प्रश्नाचे शब्द तेच, हेतू उलटा. शिक्षिका बरोबर आहेत, मुक्कामाच्या ठिकाणी ओळखीचे कुटुंब आहे, हे सांगूनही कोरे परत आलेले पत्रक पाहिले की मग उत्तरे देण्याचा उत्साह राहत नाही.

या कथेचा शेवट यशाचा आहे असे मात्र समजू नये. आतियाबेगमची प्रकृती बिघडली आणि अभ्यासक्रम पुरा न करताच, प्रमाणपत्र न घेता, त्या सन १९०७ अखेर परत आल्या. पुढल्याच वर्षी नाझलीबेगम व नवाबसाहेब यांच्याबरोबर त्या पुन्हा युरोपला गेल्या. सन १९१२ मध्ये त्यांनी सॅम्युएल रहामीन या चित्रकाराशी विवाह केला. रहामीन यांचा जन्म आपल्या पुण्याचा, सन १८८० मधला. ते मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजातले असून मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये व नंतर लंडनच्या रॉयल ॲकॅडमीत शिकले होते. विवाहाच्या वेळी त्यांनी इस्लामचा स्वीकार केला आणि पत्नीचे नाव आपल्या नावापुढे जोडून ते फैझी-रहामीन झाले. पत्नीचे नाव लावणारा नवरा सन १९१२ मध्ये! आतियाबेगमनी हिंदुस्थानी संगीतावर सन १९१४ मध्ये इंग्रजीत ग्रंथ लिहिला, त्यातील चित्रे रहामीन यांची आहेत. सन १९२६ मध्ये त्यांनी मुंबईत तिन्ही कलांसाठी एक मंडळ काढले.

फाळणीनंतर हे दांपत्य व नाझलीबेगम कराचीला गेल्या. तेथे आरंभी मान मिळाला, घर मिळाले; पुढे ते घर सोडावे लागले आणि अखेरची वर्षे हलाखीत गेली. रहामीन सन १९६४ मध्ये, आतियाबेगम सन १९६७ मध्ये आणि नाझलीबेगम सन १९६८ मध्ये वारल्या. मुरूडच्या टेकडीवरचा वाडा समुद्राकडे तोंड करून अजून उभा आहे.